एक गुण वादात

मी गेलो होतो सात ओळींसाठी.
'पाजवेल येथील जेटीलगतच्या मैदानावर
सोमवारपासून सुरू असलेल्या कबड्डी स्पर्धेत...'
इथवर दुपारीच लिहून ठेवलं होतं,
विजेत्याची जागा कोरी सोडून.
सेंटिमीटरला अडीच रुपये मिळतात.

माती चाळलेली. सुरूंच्या मागे
बस्त्याव लोबोचा जनरेटर खोकत होता.
उदेश जुवाटकर शेवटच्या चढाईला गेला तेव्हा
फळ्यावर सत्तावीस-अठ्ठावीस,
आणि पंचांच्या टेबलाशी बसल्यामुळे
त्याचा दम मला नीट ऐकू येत होता,
कबड्डी कबड्डी कबड्ड

मग चिरेखाणीत सुरुंग उडावा तसा आवाज.
सगळ्यांना तसंच वाटलं.
रात्री सव्वाअकराला खाण कोण उडवतं,
हे नंतर सुचलं.

साडेअकराला: दोन.
बाराला: पाच, सूत्रांच्या माहितीनुसार.
सूत्र म्हणजे मी. मी एवढंच म्हणालो होतो
की मोजता येत नाहीये, लाईट गेलीय.

पडद्यावर पाजवेलचं पनवेल झालं.
तारींचा जावई पनवेलला असतो, त्याला रात्रभर फोन.
सांगून सांगून दमला, मी ठीक आहे,
इथे काही नाही, पंखासुद्धा चालू आहे.

'शांत कोकण हादरलं.'
शांत कोणी सांगितलं ह्यांना?
गेल्या साली ह्याच जेटीवर पर्ससीनवरून डोकी फुटली.
मी अकरा ओळी पाठवल्या, तीन छापून आल्या,
त्यात एक माझं नाव.

मुंबईहून बाई विचारते, अँगल काय?
जखमींची आडनावं वाचा.
वाचली: जुवाटकर, मुल्ला, लोबो, तारी,
परत मुल्ला, आणि सोडे विकणारी इंदू,
तिचं आडनाव कुणालाच माहीत नाही.
ती जरा गप्प झाली.
म्हणाली, ह्यातून काही बनत नाही.

कुणीतरी धुराचा व्हिडिओ फिरवला, खाली आमच्या गावाचं नाव.
त्यात एकही माड नव्हता.

सकाळी ओबी व्हॅन आल्या. एक रेतीत रुतली.
ढकलायला धावलेल्यांतले दोघे तिघे
रात्री खाटा उचलणारेच होते.
'तुम्हाला आत्ता कसं वाटतंय?'
सलाउद्दीन मुल्ला, पंच, हाताला बँडेज,
म्हणाला, माझी शिट्टी सापडत नाही.
ते कापलं.

तालुक्यात मेणबत्त्या संपल्या,
दुकानदाराने वाढदिवसाच्या काढून दिल्या,
रंगीत, पीळ असलेल्या.
खाऱ्या वाऱ्यात एक टिकली तर शपथ.

खाणीवरचा कुणीतरी होता, म्हणतात.
मंडळातून काढलेला जुना खेळाडू, म्हणतात.
मी अजून 'म्हणतात'वरच आहे
आणि ऑफिसला 'उघड' हवं आहे.
पाचव्या दिवशी तेही नको झालं,
कुठेतरी पूल पडला.

गुणपत्रिका पोलिसांकडे, सीलबंद.
सलूनमध्ये पोरं अजून भांडतात:
गडी बाद करून उदेश मागे फिरला होता,
पायाचं बोट मध्यरेषेवर होतं,
नव्हतं,
होतं रे, मी समोर होतो.
एक जण उठून फरशीवर पडूनही दाखवतो.

नवव्या दिवशी त्यांच्या घरी गेलो.
वही घरीच ठेवली होती.
त्याची आई खळ्यात बांगडे वाळत घालत होती.
वर न बघता म्हणाली,
'तुमी टेबलाशीच होतास ना?
तेणा रेघ शिवल्यान काय नाय?'

मी त्या वेळी खाली बघत होतो.
कोऱ्या जागेत समोरच्या संघाचं नाव
लिहायला घेतलं होतं,
दोन अक्षरं झालीही होती.

हे मी तिला सांगितलं. का, माहीत नाही.

'ऱ्हवांदे मगे,' ती म्हणाली,
आणि एकेक बांगडा उलटत
दुसऱ्या टोकाकडे सरकत गेली.